वेब सर्व्हर आणि जावा ॲप्लिकेशन सर्व्हर यांची जोडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील पतसंस्था, वाचनालये, महाविद्यालये, लहान हॉटेले आणि देवस्थानांची भक्तनिवासे यांच्यापैकी अनेकांची कामे आता जावामध्ये लिहिलेल्या ॲप्लिकेशनवर चालतात, आणि ती सांभाळणारी माणसे बहुधा एक किंवा दोनच असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः अपाची टॉमकॅट या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरची आहेत, कारण आपल्याकडे तोच सर्वाधिक भेटतो. सेटिंगची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती मूळ लिपीत, लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी ठेवून लिहावीत.

ही जोडणी म्हणजे नेमके काय?

ब्राउझरकडून येणारी प्रत्येक विनंती आधी वेब सर्व्हर, म्हणजे अपाची एचटीटीपी सर्व्हर (पुढे नुसते 'अपाची') किंवा एनजिनएक्स, स्वीकारतो. चित्र, स्टाइलशीट, जावास्क्रिप्ट यांसारखी स्थिर फाइल असेल तर तो ती स्वतःच देतो. कार्यक्रम चालवून उत्तर तयार करावे लागणार असेल, तर तो विनंती मागे असलेल्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडे सोपवतो आणि तिथून आलेले उत्तर ब्राउझरकडे पोहोचवतो. अशा पुढच्या सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात.

टॉमकॅटला एचटीटीपी समजते, मग पुढे आणखी एक सर्व्हर कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. टॉमकॅट ८०८० या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांकित नेटवर्क-दारावर) स्वतःच वेब सर्व्हर म्हणून उभा राहतो, आणि स्थिर फाइली देण्यातही तो आज मंद राहिलेला नाही. वीस कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात, अंतर्गत नेटवर्कवरच वापरायचे ॲप्लिकेशन असेल, तर पुढे काहीही न जोडता ते उत्तम चालते आणि तसेच चालू द्यावे.

बाहेरच्या जगासाठी मात्र पुढे वेब सर्व्हर असण्याची कारणे ठोस आहेत. लिनक्सवर १०२४ च्या खालची पोर्ट उघडण्यासाठी सामान्यतः रूटचे, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकार लागतात, आणि संपूर्ण जावा प्रक्रिया रूट म्हणून चालवणे धोक्याचे असते; वेब सर्व्हर मात्र पोर्ट उघडण्यापुरतेच ते अधिकार वापरतो आणि प्रत्यक्ष काम साध्या वापरकर्त्याच्या नावाने करतो. सर्टिफिकेट एकाच ठिकाणी सांभाळता येतात, एचटीटीपी/२ आणि कॉम्प्रेशन पुढेच उरकते, आणि एकाच पत्त्याखाली दोन-तीन निरनिराळी ॲप्लिकेशने मांडता येतात.

वेगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते, ते म्हणजे मंद ग्राहक. सत्तरी किंवा सांगे तालुक्याच्या आतल्या गावात भर पावसात मोबाइलवर पान उघडणाऱ्या माणसाला उत्तर मिळायला काही सेकंद लागू शकतात. साध्या सर्व्हलेटमध्ये (टॉमकॅटवर चालणाऱ्या जावा कार्यक्रमात) तेवढा वेळ टॉमकॅटचा एक थ्रेड, म्हणजे एका वेळी एक विनंती हाताळणारा कामगार, त्याच्यासाठी अडकून राहतो, जरी त्याचे गणित कधीच संपलेले असले तरी. एनजिनएक्स पुढे असेल तर तो टॉमकॅटकडून उत्तर स्थानिक वेगाने घेऊन आपल्या बफरमध्ये, आणि ते मोठे असल्यास तात्पुरत्या फाइलीत, ठेवतो. थ्रेड लगेच मोकळा होतो आणि ग्राहकाला उत्तर त्याच्या गतीने मिळत राहते. वर पाठवलेल्या फाइलीबाबतही हेच घडते: अर्जासोबतचे स्कॅन पूर्ण येईपर्यंत एनजिनएक्स ते आपल्याकडे धरून ठेवतो. अपाचीचा प्रॉक्सी इतके मोठे बफर ठेवत नाही, म्हणून हा लाभ तिथे मर्यादित असतो.

म्हणजे जोडणी केली की ॲप्लिकेशन वेगवान होईल का?

नुसत्या जोडणीने होईलच असे नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. विनंतीच्या वाटेत एक थांबा वाढतो, त्यामुळे एकट्या विनंतीला उलट अत्यल्प का होईना अधिक वेळ लागतो. लाभ होतो तो एकाच वेळी अनेक विनंत्या येतात तेव्हा, आणि तोही पुढचा सर्व्हर, मधले थ्रेड आणि मागचा डेटाबेस यांच्या रांगा एकमेकींशी जुळवल्या असतील तरच. पान उघडायला चार सेकंद लागत असतील आणि त्यांतले साडेतीन सेकंद इंडेक्स नसलेल्या तक्त्यावरील शोधात जात असतील, तर आधी इंडेक्स करावा.

एजेपीने जोडावे की एचटीटीपीने?

एजेपी १.३ हा खास या जोडणीसाठीच असलेला बायनरी प्रोटोकॉल आहे. तो नेहमीच्या हेडरांची (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींची) नावे अक्षरांऐवजी लहान अंकांनी पाठवतो, कनेक्शन उघडे ठेवून पुन्हा वापरतो, आणि ग्राहकाचा खरा आयपी पत्ता व एचटीटीपीएसची माहिती आपोआप मागे पोहोचवतो. तो टॉमकॅटमध्ये ८००९ या पोर्टवर चालतो. अपाचीकडून तो दोन प्रकारे वापरता येतो: 'मॉड जेके' हे वेगळे बसवावे लागणारे मॉड्यूल, ज्यात मागच्या सर्व्हरांची यादी 'वर्कर्स डॉट प्रॉपर्टीज' या फाइलीत लिहितात, किंवा अपाची २.२ पासून सोबतच येणारे 'मॉड प्रॉक्सी एजेपी'. 'मॉड जेके२' या नावाचा एक प्रयत्न २००४ मध्येच थांबवण्यात आला, त्यामुळे त्याची सूचना देणारी जुनी पाने वाचण्यात वेळ घालवू नये.

नव्या कामासाठी मी एचटीटीपीच सुचवतो. एजेपीमुळे वाचणारा वेळ ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या वेळापुढे सहसा नगण्य असतो, तर एचटीटीपीची जोडणी कर्लसारख्या साध्या साधनाने तपासता येते, एनजिनएक्सबरोबर चालते आणि वेबसॉकेटही (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील सतत उघडी दुतर्फा जोडणी) तिच्यातून जाते. एजेपीतून वेबसॉकेट जात नाही. आधीपासून नीट चालत असलेली एजेपीची जोडणी मात्र केवळ जुनी म्हणून मोडू नये, फक्त खालच्या उत्तरातील काळजी घ्यावी.

एजेपीचे पोर्ट उघडे राहिल्यास काय बिघडते?

फार मोठे नुकसान होऊ शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये 'घोस्टकॅट' नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर झाली, जिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८ असा आहे. ८००९ या पोर्टपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कोणालाही तिच्यामुळे ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या, आणि डेटाबेसचे पासवर्ड अनेकदा त्यांच्यातच असतात. त्यापूर्वी टॉमकॅट बसवला की हे पोर्ट आपोआप सर्व पत्त्यांवर उघडत असे. ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांपासून एजेपी मुळात (म्हणजे आपण काही न बदलल्यास) बंद ठेवला जातो, सुरू केल्यावर तो केवळ स्थानिक पत्त्यावर ऐकतो, आणि 'सीक्रेट' म्हणून एक सामाईक शब्द मागतो.

आवृत्ती वाढवल्यावर “टॉमकॅट सुरू आहे, पण साइट येत नाही” अशी तक्रार येते, ती बहुधा यामुळेच. तोच सीक्रेट अपाचीच्या बाजूनेही द्यावा लागतो. 'मॉड प्रॉक्सी एजेपी'मध्ये ती सोय अपाची २.४.४२ पासून आहे. सीक्रेटची अट बंद करून मार्ग काढण्याचा मोह टाळावा, आणि फायरवॉलमध्ये ८००९ बाहेरून बंद असल्याची खात्री दुसऱ्या संगणकावरून करून घ्यावी.

एनजिनएक्स पुढे ठेवला तरी मागे प्रत्येक वेळी नवे कनेक्शन का उघडते?

कारण एनजिनएक्स दीर्घकाळ मागच्या सर्व्हरशी मुळात एचटीटीपी १.० नेच बोलत आला आहे आणि प्रत्येक उत्तरानंतर कनेक्शन बंद करत आला आहे. कनेक्शन टिकवायचे असेल तर 'अपस्ट्रीम' विभागात 'कीपअलाइव्ह' द्यावे, प्रोटोकॉलची आवृत्ती १.१ करावी आणि 'कनेक्शन' हे हेडर रिकामे पाठवावे. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर कुठल्याही आवृत्तीत शंका उरत नाही.

टिकवलेल्या कनेक्शनमुळे एक सूक्ष्म दोषही उद्भवतो. बराच वेळ शांत राहिलेले कनेक्शन टॉमकॅट आपल्या मुदतीनंतर बंद करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढच्या सर्व्हरने त्यावर विनंती पाठवली तर ५०२ ही चूक दिसते. ती दिवसातून दोन-चार वेळाच येते, म्हणून सापडत नाही. पुढच्या सर्व्हरची मुदत टॉमकॅटच्या 'कीप अलाइव्ह टाइमआउट'पेक्षा कमी ठेवली की ती थांबते. अपाचीत हे 'टीटीएल' या मूल्याने करता येते.

थ्रेड किती ठेवावेत? संख्या वाढवली तर काम लवकर होईल का?

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हे उत्तर मोठे आहे.

टॉमकॅटमध्ये 'मॅक्स थ्रेड्स' मुळात २०० असते. जोडण्यांची मर्यादाही भरली की पुढे १०० जोडण्या रांगेत थांबू शकतात. त्या संख्येला 'ॲक्सेप्ट काउंट' म्हणतात. अपाची २.४ मध्ये इव्हेंट पद्धतीने मुळात एका वेळी ४०० विनंत्या हाताळल्या जातात. डेटाबेसच्या बाजूला, हिकारीसीपी हा पूल (डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवून वाटून देणारा भाग) वापरत असाल तर मुळात केवळ १० कनेक्शन असतात. या आकड्यांकडे एकत्र पाहिले की चित्र स्पष्ट होते: पुढे चारशे जण आत येतात, मध्ये दोनशे जणांवर काम सुरू होते आणि डेटाबेसच्या दारात दहा जणांनाच जागा आहे. प्रत्येक विनंतीला डेटाबेस लागत असेल तर एकशे नव्वद थ्रेड केवळ वाट पाहत उभे राहतात, आणि हिकारीसीपीच्या मूळ मुदतीप्रमाणे ३० सेकंदांनी एकेक करून चूक देऊ लागतात.

रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग वाढली म्हणून धक्का रुंद केला, तर चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत अधिक गाड्या मावत नाहीत. फक्त थांबलेल्या गाड्या पाण्याच्या अधिक जवळ येतात. थ्रेड वाढवणे पुष्कळदा तसेच असते. मी स्वतः ही चूक केली आहे. एका निवासव्यवस्थेच्या आरक्षणाचे ॲप्लिकेशन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अडखळू लागले, तेव्हा मी 'मॅक्स थ्रेड्स' २०० वरून ८०० केले आणि डेटाबेसचा पूलही सढळ हाताने वाढवला. टॉमकॅट दोन होते आणि प्रत्येकाचा पूल ६० चा. पोस्टग्रेस हा तिथला डेटाबेस मुळात १०० कनेक्शन स्वीकारतो. मागण्या १२० झाल्याबरोबर तो नवी कनेक्शन नाकारू लागला, आणि आधी मंद असलेली साइट पूर्ण बंद पडली. त्या रात्री ज्यांना खोली आरक्षित करता आली नाही, त्यांचे फोन दुसऱ्या दिवशी त्या निवासाच्या कार्यालयाने घेतले. ते मी विसरलेलो नाही.

गणित साधे आहे. एका सेकंदाला येणाऱ्या विनंत्यांना प्रत्येकीला लागणाऱ्या सेकंदांनी गुणावे. तितके थ्रेड एका वेळी व्यग्र असतात. सेकंदाला ४० विनंत्या आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद, म्हणजे २० थ्रेड. गर्दीच्या वेळेसाठी तिप्पट धरले तरी ६० होतात. त्यामुळे २०० ची मूळ संख्या बहुतेक संस्थांना पुरेशीच असते, आणि लक्ष द्यायचे ते गुणाकारातल्या दुसऱ्या आकड्याकडे: अर्धा सेकंद पाव सेकंदावर आला तर तेवढ्याच थ्रेडमध्ये दुप्पट काम होते. डेटाबेसचे पूल ठरवताना सर्व टॉमकॅटांच्या पूलांची बेरीज डेटाबेसच्या मर्यादेखाली राहील आणि देखभालीसाठी काही जागा उरेल, हे पाहावे.

स्थिर फाइली वेगळ्या कशा काढाव्यात?

त्या ॲप्लिकेशनच्या फोल्डरबाहेर स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात आणि वेब सर्व्हरला तेवढाच मार्ग दाखवावा. अपाचीत 'प्रॉक्सीपास'च्या ओळी वरून खाली वाचल्या जातात, म्हणून उद्गारचिन्ह देऊन वगळायचा मार्ग आधी आणि सर्वसाधारण मार्ग नंतर लिहावा. वेळ वाचवण्यासाठी वेब सर्व्हरला थेट ॲप्लिकेशनचे संपूर्ण फोल्डर दाखवू नये: टॉमकॅट 'वेब-इन्फ' हे आतले फोल्डर कोणालाही देत नाही, पण अपाचीला किंवा एनजिनएक्सला त्याचे महत्त्व ठाऊक नसते, आणि ते त्यातील फाइली मागेल त्याला देतील.

५०२, ५०३ आणि ५०४ यांत फरक काय?

५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आले नाही किंवा कनेक्शन मध्येच तुटले. ५०३ म्हणजे अपाचीच्या दृष्टीने मागचा सर्व्हर सध्या उपलब्धच नाही. त्याच स्थितीत एनजिनएक्स बहुधा ५०२ देतो. ५०४ म्हणजे मुदतीत उत्तर आले नाही. ही मुदत दोन्ही सर्व्हरांत मुळात ६० सेकंद असते, त्यामुळे वार्षिक ताळेबंदासारखा दीर्घ अहवाल काढताना ती चूक दिसते. मुदत सगळीकडे वाढवण्यापेक्षा त्या एका मार्गापुरती वाढवावी, किंवा अहवाल मागच्या मागे तयार करून नंतर उतरवून घेण्याची सोय करावी.

रेड हॅट परिवारातील लिनक्सवर सगळे बरोबर लिहूनही जोडणी होत नसेल आणि लॉगमध्ये परवानगी नाकारल्याचे दिसत असेल, तर कारण बहुधा एसई-लिनक्स (लिनक्समधील सुरक्षा यंत्रणा) असते. ते बंद न करता 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' ही परवानगी कायमस्वरूपी द्यावी.

वीज येऊन सर्व्हर सुरू झाल्यावर टॉमकॅट चालू असूनही काही वेळ ५०३ का दिसते?

पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. वीज परत आल्यावर अपाची क्षणात उभा राहतो, टॉमकॅटला मात्र ॲप्लिकेशन उलगडून सुरू व्हायला वेळ लागतो. त्या दरम्यान एखादी विनंती आली की अपाची मागचा सर्व्हर बंद असल्याची नोंद करतो आणि पुढचे ६० सेकंद त्याच्याकडे पुन्हा जात नाही. मागे एकच टॉमकॅट असेल तर 'प्रॉक्सीपास'च्या ओळीत 'रिट्राय' शून्य करावे, म्हणजे तो प्रत्येक विनंतीला नव्याने प्रयत्न करील. सिस्टीमडीमध्ये (लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) सेवांचा क्रम लावणेही उपयोगी असते, परंतु टॉमकॅटची प्रक्रिया सुरू होणे आणि ॲप्लिकेशन तयार होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे लक्षात घ्यावे.

एचटीटीपीएस लावल्यावर पान गोल गोल फिरते आणि लॉगमध्ये सर्वांचा पत्ता १२७.०.०.१ दिसतो. उपाय काय?

दोन्हींचे मूळ एकच आहे. एचटीटीपीएस पुढच्या सर्व्हरवर संपते, मागे साधे एचटीटीपी येते, म्हणून ॲप्लिकेशनला वाटते की ग्राहक असुरक्षित मार्गाने आला आहे आणि ते त्याला पुन्हा सुरक्षित पत्त्याकडे पाठवते. तसेच मागे विनंती त्याच यंत्रावरील पुढच्या सर्व्हरकडून येते, म्हणून लॉगमध्ये ग्राहकाऐवजी त्याचाच पत्ता दिसतो. पुढच्या सर्व्हरने 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' आणि 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' ही हेडर पाठवावीत आणि टॉमकॅटमध्ये 'रिमोट आयपी व्हॉल्व्ह' (ही हेडर वाचणारा भाग) लावावा. अपाची यांतील पहिले आपोआप पाठवतो, दुसरे सांगावे लागते. एनजिनएक्सला दोन्ही सांगावी लागतात, शिवाय मूळ होस्टचे नावही. टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये खरा पत्ता यावा यासाठी त्या लॉगच्या व्हॉल्व्हवर 'रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स एनेबल्ड' हे मूल्य सुरू करावे लागते, जे बहुतेकांकडून राहून जाते.

मराठी किंवा कोंकणी शब्दांचा शोध आणि सर्व्हे क्रमांक असलेले पत्ते जोडणीनंतर का बिघडतात?

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि पत्त्यात घालताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे 'मडगाव' या शब्दातील पाच चिन्हे पत्त्यात ४५ अक्षरे होतात. ग्रंथालयाच्या सूचीत कोणी शीर्षक, लेखक आणि प्रकाशक असे सगळे मराठीत भरून शोध घेतला, आणि त्यात मोठ्या कुकीची भर पडली, तर विनंती पाहता पाहता फुगते. टॉमकॅटची हेडरांची मर्यादा आणि एजेपीच्या पाकिटाची मर्यादा या दोन्ही मुळात ८१९२ बाइट आहेत. त्या वाढवायच्या असतील तर दोन्ही टोकांना सारख्याच वाढवाव्यात. एका बाजूला वाढवून दुसरीकडे विसरल्यास चूक अधिक गूढ होते. अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हे येत असतील, तर टॉमकॅट ८ पूर्वीचा आहे का ते पाहावे, कारण त्यापूर्वी पत्त्यातील अक्षरे मुळात यूटीएफ-८ म्हणून वाचली जात नसत.

सर्व्हे क्रमांकाची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे जमिनीचा क्रमांक सर्व्हे आणि पोटविभाग मिळून १२/४ असा लिहितात. तो पत्त्याच्या मार्गात घातला की त्यातली तिरकी रेघ सांकेतिक रूपात जाते, आणि अशी रेघ अपाची मुळात ४०४ देऊन, तर टॉमकॅट ४०० देऊन नाकारतो. ही बंधने सुरक्षिततेसाठी आहेत. ती सैल करण्यापेक्षा क्रमांक प्रश्नचिन्हानंतरच्या भागात पाठवावा, किंवा सर्व्हे आणि पोटविभाग अशी दोन वेगळी मूल्ये ठेवावीत.

दोन टॉमकॅट ठेवले तर लॉगिन मध्येच का निघून जाते?

वापरकर्त्याचे सेशन (त्याच्या लॉगिनची नोंद) ज्या टॉमकॅटच्या स्मृतीत असते, त्याच्याकडेच त्याची पुढची विनंती गेली पाहिजे. प्रत्येक टॉमकॅटच्या 'इंजिन' घटकावर निराळा 'जेव्हीएम रूट' द्यावा. तो सेशनच्या क्रमांकाला टिंबानंतर जोडला जातो आणि अपाचीचा बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा भाग) त्यावरून वाट ओळखतो. एनजिनएक्समध्ये काहीजण 'आयपी हॅश' (ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून टॉमकॅट ठरवण्याची पद्धत) वापरतात, पण तो आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग पाहतो, त्यामुळे एका कार्यालयातली सगळी माणसे, किंवा एका मोबाइल कंपनीचे पुष्कळसे ग्राहक, एकाच टॉमकॅटवर जाऊन पडू शकतात.

वाइल्डफ्लाय किंवा स्प्रिंग बूट वापरत असल्यास यातले काय बदलते?

तत्त्वे तीच राहतात. स्प्रिंग बूटमध्ये मुळात टॉमकॅटच आत बसवलेला असतो, फक्त मूल्ये त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टीज फाइलीत लिहावी लागतात. वाइल्डफ्लाय या दुसऱ्या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये अंडरटो हा वेब सर्व्हर आहे.

फरक पडला हे कसे ओळखावे?

बदलापूर्वी आणि बदलानंतर सारखीच चाचणी घ्यावी. एका पानासाठी अपाचीसोबत येणारे 'एबी' पुरते. लॉगिन, शोध, आरक्षण असा पूर्ण क्रम तपासायचा असेल तर जेमीटर वापरावा. चाचणी त्याच यंत्रावरून घेऊ नये, कारण मग चाचणीचे साधनच सर्व्हरचा प्रोसेसर खाते. सरासरीवर विसंबू नये: शंभरांपैकी पंच्याण्णव विनंत्या किती वेळात पूर्ण झाल्या हे पाहिले, तर उरलेल्या पाच जणांचे हाल सरासरीआड लपत नाहीत. अपाचीच्या लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळ आणि एनजिनएक्सच्या लॉगमध्ये एकूण वेळ व मागच्या सर्व्हरचा वेळ असे दोन्ही आकडे नोंदवता येतात. एकूण वेळ मोठा आणि मागचा वेळ लहान असेल, तर विलंब ग्राहकाच्या नेटवर्कचा आहे आणि बफर आपले काम करत आहे; दोन्ही मोठे असतील, तर टॉमकॅटचा थ्रेड डंप काढून थ्रेड कुठे थांबले आहेत ते वाचावे. एका वेळी एकच मूल्य बदलावे आणि ते तारखेसह लिहून ठेवावे.